रतनपूरच्या दारात

"ताई, तोफ किती लांबून मारते?"

खेळ सुरू होऊन चार मिनिटंही झाली नव्हती. बाहेर रायपूरचा जुलैचा पाऊस, लाइट गेलेली, डायनिंग टेबलवर इमर्जन्सी दिवा आणि त्याच्या उजेडात आम्ही पाच जण. मी आत्ता कुठे सांगितलं होतं की समोर रतनपूरचा किल्ला आहे, दरवाजे बंद आहेत आणि तटावर माणसं दिसताहेत. तोवर दहावीतल्या माझ्या धाकट्या भावाने फासे हातात घेतले होते.

आम्ही खेळत होतो तो टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळींत सांगते. यात पट नसला तरी चालतो, मोबाइल तर लागतच नाही. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करेल ते सांगतात. जे जमेल की नाही याची खात्री नाही, तिथे फासे टाकायचे. जगभर गाजलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा याच जातीतला, 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी छापलेला. आमच्याकडे ती जाडजूड पुस्तकं नाहीत. लुडोतले दोन फासे आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू, एवढ्यावर आमचं भागतं.

खेळाडू आपापलं पात्र खेळतात, पण गोष्टीत इतरही असतात. गावचा मुखिया, व्यापाऱ्यांचा तांडा, शेजारचा राजा, डोंगरातली टोळी. या गटांना कोणी खेळाडू चालवत नाही, त्यांच्या वतीने सूत्रधारच बोलतो. आणि नव्या खेळाडूंना हे गट हमखास दोनच प्रकारचे दिसतात, मारायचे आणि लुटायचे. माझा भाऊ काही अपवाद नाही. व्हिडिओ गेममध्ये समोर कोणी आला की बटण दाबायचं, ही बोटांची सवय झालेली.

गंमत म्हणजे या खेळाचा जन्म बोलण्यातून झाला. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने मित्रांसाठी एक युद्धखेळ मांडला. नेपोलियनच्या काळातलं ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव, दोन बाजूंनी येणारं सैन्य. त्याने सहज म्हणून काही जणांना सैन्याऐवजी गावातली माणसं दिली. कोणी महापौर झाला, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. झालं असं की लढाई बाजूलाच राहिली. मंडळी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन एकमेकांशी कुजबुजायला लागली, सौदे करायला लागली, थापा मारायला लागली. वेस्लीला वाटलं खेळ पार फसला. मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या मित्रांमध्ये आर्नेसनही होता.

1974 च्या त्या मूळ नियमांतही एक छोटीशी सोय आहे. समोर अनोळखी प्राणी किंवा टोळी आली की ती लगेच अंगावर येईलच असं नाही. दोन फासे टाकून बघायचं. बेरीज 2 ते 5 आली तर त्यांचा कल वाईट, 9 ते 12 आली तर चांगला, आणि 6 ते 8 आली तर त्यांचंही अजून ठरलेलं नाही. शाळेतलं गणित आठवत असेल तर करून बघा. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 10 वाईट, 10 चांगल्या आणि तब्बल 16 'बघू या' वाल्या. म्हणजे दारात उभा असलेला माणूस बऱ्याचदा आपल्याइतकाच गोंधळलेला असतो. हे मी भावाला समजावलं, तर तो म्हणाला, "मग तो गोंधळलेला असतानाच तोफ मारू ना!"

आता रतनपूर का, ते सांगते. रायपूर-बिलासपूरकडच्या मराठी माणसाला ही गोष्ट अर्धवट माहीत असते. 1741 च्या सुमारास नागपूरकर रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्करपंत, फौज घेऊन बंगालच्या स्वारीवर निघाले. वाटेत छत्तीसगढ होतं. रतनपूरला हैहयवंशी कलचुरींची गादी होती, शतकानुशतकं चालत आलेली, आणि गादीवर होते म्हातारे रघुनाथ सिंह. मी खेळाडूंना भास्करपंतांच्या फौजेची पुढची तुकडी दिली. भाऊ तोफखान्यावर, आत्याची मुलगी जासूद, आई फडणीस. आई खरं तर पोहे द्यायला आली होती, एक खुर्ची रिकामी होती म्हणून बसली. आणि माझी कॉलेजची मैत्रीण, जिचं घर बिलासपूरकडचं, ती झाली वाटाड्या. या वाटाड्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

प्रत्येक गटासाठी मी एक पत्रिका तयार ठेवते. त्यांना काय हवंय, कशाची भीती आहे, घरात कोणाचा शब्द चालतो आणि काहीही झालं तरी काय देणार नाहीत, एवढं लिहिलं की पुरे. भाषण पाठ करायची गरज नसते. खेळाडू काय बोलतील ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, पण समोरच्याला काय हवंय हे पक्कं असेल तर उत्तर आपोआप सुचतं. बाजूला एक गोल काढून त्याचे आठ भाग करते, पुरणपोळीचे करावेत तसे. वेळ गेला की एक भाग रंगवायचा. ही युक्ती 'ब्लेड्स इन द डार्क' या 2017 च्या खेळातून उचललेली. त्यात प्रत्येक टोळीशी तुमचं नातं उणे 3 पासून अधिक 3 पर्यंत मोजतात, आणि तुम्ही घरी झोपलात तरी टोळ्या आपापली कामं करत राहतात. आमच्या गोलात भास्करपंतांचा धीर होता. आठही भाग रंगले की मुख्य फौज येणार आणि मग बोलणं संपणार.

तीन भाग रंगेपर्यंत भाऊ आणि आतेबहीण तटाची उंची, दारूगोळा आणि रात्रीचा अंधार यावरच भांडत होते. आई शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळत होती. मग तिने विचारलं, "पण राजा कुठाय? एवढी फौज दारात आली, तो बाहेर येऊन बोलत का नाही?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी अर्धा तास थांबले होते. पत्रिकेवर पहिलीच ओळ ती होती. रघुनाथ सिंहांचा एकुलता एक मुलगा गेला होता आणि जवळजवळ वर्षभर त्यांनी कारभारात लक्षच घातलं नव्हतं. ही माझ्या कल्पनेतली भर नाही, इंग्रजी अमदानीतल्या जुन्या नोंदींत हे आलेलं आहे.

आईने हातातलं लिंबू खाली ठेवलं. "मग आधी सांत्वनाला जायला हवं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी पैशाचं बोलायचं नाही. पांढरे कपडे घालून दोघंच जा, हत्यार बाहेर ठेवा, पाणी घ्या आणि परत या."

"आई, आपण खंडणी मागायला आलोय!"

"असू दे. उद्या माग."

खेळाच्या कुठल्याच पुस्तकात असा नियम नाही. तरीही मी आईला फाशावर 2 जास्त दिले. बेरीज 9 आली आणि दिंडी दरवाजा उघडला. मला त्या क्षणी वाटलं, आपला खेळ जमला. रतनपूरच्या राण्या भेटायला तयार झाल्या, दिवाणाने बसायला चटई टाकली.

आणि तेवढ्यात वाटाड्याने फासे टेबलवर ठेवून दिले.

"एक बात बोलूं?" मैत्रीण म्हणाली. आमचा खेळ निम्मा मराठीत आणि निम्मा हिंदीत चालतो, ती मराठी समजते पण चिडली की हिंदीत जाते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: रतनपूर आमच्याकडचं. महामायेला आम्ही दर नवरात्रात जातो. आणि तुझ्या खेळात मी कोण, तर बाहेरच्या फौजेला माझ्याच गावाची वाट दाखवणारी. राजा तू, राण्या तू, दिवाणही तूच. आमच्या बाजूने बोलायला या टेबलवर एकही माणूस नाही. आमची सगळी बाजू तुझ्या त्या लग्नपत्रिकेवर.

कोणी काही बोललं नाही. आई उठून चहा ठेवायला गेली.

मला राग आला, हे कबूल करते. दोन आठवडे तयारी केली होती. रतनपूरला मी चांगलं दाखवलं होतं, असं माझं मत होतं. पण रात्री विचार करताना लक्षात आलं की मी तिला वाटाड्या दिला तेव्हा क्षणभरही थांबले नव्हते. आमच्या घरात ही कथा कायम एकाच बाजूने सांगितली जाते. भोसल्यांच्या फौजा आल्या, मागोमाग कारकून आले, भिक्षुक आले, आणि आपली मराठी घरं इथे रुजली. त्या कथेत आधीपासून इथे राहणारी माणसं नेहमी तटावर उभी असतात, लांबून दिसणारी.

खरं काय घडलं तेही सोयीचं नाही. भास्करपंतांच्या तोफांनी राजवाड्याचा काही भाग ढासळला, एका राणीने वर पांढरं निशाण दाखवलं, दरवाजे उघडले गेले. शहरावर एक लाख रुपये दंड बसला आणि खजिनाही गेला. सांत्वनाला कोणी गेल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी तिच्यासमोर रतनपूरची पत्रिका ठेवली आणि म्हटलं, हे आता तुझं. मी फक्त भास्करपंत आणि पाऊस.

खेळ पार बदलला. सूत्रधार एखाद्या गटाच्या वतीने बोलतो तेव्हा कुठेतरी त्याला गोष्ट पुढे न्यायची असते, म्हणून तो थोडा लवकर नमतो. माझ्याकडून हे होतं, आता कळतं. मैत्रीण नमेना. छत्तीसगढीत गप्पा मारण्याला 'गोठियाना' म्हणतात, ऐकायला आपल्या 'गोष्टी'च्या जवळचा शब्द. ती म्हणाली, "पहले गोठियाओ, फिर गिनती." आधी तुम्ही कोण, कुठे निघालात, परत कधी येणार, परतीची वाट कुठली, ते सांगा. रकमेचं नंतर.

भावाने रक्कम टाकली, एक लाख. तिने नाही म्हटलं नाही. तिने विचारलं, एकदम की हप्त्याने? धान्यात चालेल? फौज शहरात न येता तळ्यापलीकडे थांबेल? वाटेवरच्या गावांतलं उभं पीक घोड्यांना घालणार नाही असा शब्द कोण देणार, आणि तो मोडला तर दाद कोणाकडे मागायची? आणि शिक्का राजाच्याच नावाचा राहील ना? आतेबहिणीने जासूद पाठवून खजिन्यात किती आहे ते काढायचा प्रयत्न केला, तो पकडला गेला. मैत्रिणीने त्याला जेवू घालून परत पाठवला. आई एवढंच म्हणाली, "ही फार हुशार आहे, हिच्याशी जपून."

भाऊ मात्र वैतागला होता, गोलाचे सहा भाग रंगले होते. त्याने घाईत सांगून टाकलं की परतताना आम्ही दुसऱ्या वाटेने जाऊ, रतनपूरला पुन्हा पायही लावणार नाही. खरं तर त्याला असा शब्द द्यायचा अधिकारच नव्हता. मैत्रिणीने ते वाक्य तारखेसह वहीत लिहून घेतलं आणि त्याच्याकडून सही मागितली. त्याने केली.

"ताई, मी थाप मारली तर चालते ना? खेळच आहे." तिने आतून पाणी आणायला गेल्यावर त्याने हळूच विचारलं.

चालते की. मग मी त्याला भास्करपंतांचं पुढे काय झालं ते सांगितलं. बंगालमध्ये नवाब अलीवर्दी खानाशी झुंज वर्षं चालली. या स्वाऱ्यांत गावंच्या गावं जळली, बंगाली आया अजून मुलांना झोपवताना बर्गींचं नाव काढतात. ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. 1744 च्या मार्चमध्ये नवाबाने तहाच्या बोलणीसाठी मानकरा इथे तंबू उभारला. भास्करपंत आपल्या सरदारांसह बोलायला गेले आणि त्या तंबूतच सगळे मारले गेले. रघुजी गायकवाड नावाचे एक सरदार छावणीतच थांबले होते, ते तेवढे वाचले.

नवाबाला वाटलं असेल प्रश्न मिटला. पण स्वाऱ्या थांबल्या नाहीत, खुद्द रघुजी भोसले चालून गेले. शेवटी 1751 मध्ये तह झालाच. बंगालने वर्षाला 12 लाख रुपये चौथाई द्यायची आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही, असं ठरलं; ओडिशाही भोसल्यांच्या हाती आलं. तंबूतल्या त्या दिवसानंतर सात वर्षं, आणि शेवटी पुन्हा कागद, कलम आणि आकडेच.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "पण आपण तर सही केली." मी म्हटलं, हो.

जाता जाता सूत्रधार होऊ पाहणाऱ्यांना एक सांगते. तंबूतला दगा खेळात एकदा जरी वापरलात, तरी तुमचे खेळाडू पुन्हा कोणत्याही तंबूत बोलायला जाणार नाहीत. मी एका जुन्या खेळात हे केलं होतं आणि त्यानंतर तीन महिने आमच्याकडे फक्त मारामाऱ्या झाल्या. दगा ठेवायचाच असेल तर त्याचा वास आधी येऊ द्या. पहारेकरी नजर चुकवतो, तंबूच्या मागे जरा जास्तच घोडे बांधलेत, असं काहीतरी.

आणि गटाची मागणी नेहमी पैशातच असते असं समजू नका. रायपूरच्या धाकट्या कलचुरी शाखेची कहाणी यासाठी मला फार आवडते आणि वाचताना पोटात तुटतंही. रतनपूर पडलं तरी रायपूरच्या अमर सिंहांना काही वर्षं कोणी हात लावला नाही. 1750 मध्ये त्यांचं राज्य गाजावाजा न करता काढून घेतलं, लढाई नाही, काही नाही. निर्वाहाला रायपूर, राजिम आणि पाटण हे परगणे दिले आणि वर्षाला 7000 रुपये भरायला सांगितलं. 1753 मध्ये ते वारले तेव्हा मुलगा शिवराज सिंह तीर्थयात्रेला गेलेला. परत येऊन बघतो तर तेही परगणे खालसा. पुढे बिंबाजी भोसले इथे आले तेव्हा शिवराज सिंहांना एक गाव मिळालं, बडगाव, आणि रायपूरच्या मुलखातल्या प्रत्येक गावामागे एक रुपया. एक रुपया! पैशाच्या दृष्टीने ती पोटगीच. पण मला वाटतं, गावोगाव दर वर्षी कोणीतरी जुन्या राजाच्या नावाने रुपया बाजूला काढत होतं, यालाही काही किंमत असणार. खेळात अशी मागणी समोरच्या गटाच्या तोंडी घालून बघा. खेळाडू हसतात, लगेच कबूल होतात, आणि चार भेटींनंतर त्यांच्या लक्षात येतं की आपण नक्की काय देऊन बसलो.

बिंबाजींबद्दल इथे लोक आजही चांगलं बोलतात. ते नागपूरला न बसता रतनपूरलाच राहिले, 1787 मध्ये वारले तोवर. रतनपूरच्या रामटेकरीवरचं मंदिर त्यांचं. दसऱ्याला सोनं म्हणून पानं वाटायची पद्धत छत्तीसगढात त्यांच्यामुळे रुजली असं मानतात. मैत्रिणीच्या घरीही पानं वाटतात. ती मला म्हणाली, "वो तो हमारा ही है." मी वाद घातला नाही.

आमचा खेळ कुठे थांबलाय, ते सांगते. गोलाचा एकच भाग उरलाय. रक्कम 60 हजारांवर आलीय, तीन हप्त्यांत, त्यातला एक धान्यात. तोफा तळ्यापलीकडे. पिकाच्या अटीवर आईने शब्द दिलाय आणि तो मोडला तर फडणिशी सोडेन असंही सांगितलंय. परतीच्या वाटेचं कलम अडकलंय, कारण भास्करपंत, म्हणजे मी, ते मान्य करणार नाहीत हे सगळ्यांना कळून चुकलंय आणि सही तर होऊन बसलीय.

काल रात्री ग्रुपवर मैत्रिणीचा मेसेज आला: रतनपूरचा निरोप आहे, रविवारी राजासाहेब स्वतः बसणार, ज्याने सही केली त्यालाच पाठवा, एकट्याला. भावाने तो तीन वेळा वाचला. सकाळपासून तो आईच्या मागे आहे, राजाला भेटायला जाताना हातात काय न्यायचं असतं म्हणून.